मिठाईच्या दुकानातला दिवा

शाळेत मी विज्ञान शिकवायचो. प्रकाशाचा धडा आला की फळ्यावर आडवी रेघ ओढून तिच्याखाली 'तानापिहिनिपाजा' लिहायचो. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सात रंग. 'जा'च्या पलीकडे अतिनील किरण. त्यांनी कातडी रापते, डोळ्यात मोतीबिंदू लवकर धरतो, मधमाश्यांना ते दिसतात, माणसाला दिसत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणायचो, कारण परीक्षेत ते हमखास यायचं.

आमचं घर उमेळ्याला. वडिलांची फुलांची वाडी होती, मोगरा आणि सोनचाफा. आयुष्यभर ते उन्हात उघड्या डोक्यानं राबले, त्यामुळे साठीच्या आत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा शिबिरांत बहुतेक वेळा आतलं खराब भिंग काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. त्याऐवजी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा.

पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी ते मला म्हणाले, "ही जांबली पँट कवा शिवलीस?"

पँट काळी होती. आई हसली, मीही हसलो. मग ते चष्मा काढून कुंपणावरच्या पिवळ्या रानफुलांकडे बघत बसू लागले. चष्म्याशिवाय त्यांना सगळं धूसरच दिसायचं, पण म्हणायचे, "पाकलीच्या कडेला वेगला रंग हाय. कोनी चुन्याचं बोट फिरवल्यासारका."

मी म्हणालो, डोळा अजून ओला आहे, बरा होईल.

ऑपरेशन नीट झालं म्हणून पेढे वाटायचे होते. मी त्यांना स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे काउंटरच्या वर माश्या मारायचा दिवा टांगलेला होता, जांभळ्या नळ्यांचा, मंद. बाबांनी डोळ्यांवर हात धरला.

"एवडा पांढरा दिवा कशाला लावलाय? डोल्यावर येते."

"पांढरा कुठे, काका? जांभळा आहे," दुकानदार म्हणाला. पेढे घेणाऱ्या दोन बायकांनीही वर बघून जांभळाच सांगितला.

बाबांनी चष्मा काढला. मग उजवा डोळा तळहातानं झाकून बघितलं, मग डावा झाकून. "या डोल्यानं पांढरा," ते म्हणाले. "लख्ख."

आता खरं तर तेवढ्या एका कृतीत अख्खा प्रयोग होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं तो केला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. पण मी चारचौघांत बाबांना म्हणालो, "बाबा, त्यातला मुख्य प्रकाश अतिनील असतो, तो माणसाला दिसतच नाही. मी शिकवतो ना शाळेत." बायका हसल्या. बाबांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि माझ्यासाठी न थांबता बाहेर पडले.

मी एवढ्यावर थांबलो नाही. चष्मेवाल्याकडे रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक असतं, ते त्यांच्यासमोर धरायला लावलं. त्यांनी सगळे आकडे बरोबर ओळखले. म्हणजे डोळ्यात दोष नाही, मग दोष डोक्यात असणार, असं मी ठरवलं. हे ठरवायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाडीतला सोनचाफा खुडल्यावर बाबा टोपली पुढ्यात घेऊन बसायचे. उमलायला आलेला एकीकडे, उतरणीला लागलेला दुसरीकडे. रंग बघूनच निवड व्हायची. मी आईला सांगितलं, यापुढे टोपली तू निवड, बाबांच्या रंगांचा भरवसा नाही. दादरच्या बाजारातून एकही तक्रार आलेली नव्हती. बाबा ओटीवरून ऐकत होते. ते उठले आणि टोपली आईपुढे सरकवून विहिरीकडे गेले. त्या दिवसापासून ते रंगाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "मास्तरला इचार."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यांनी नाकारलं. "एक डोला बिगडला म्हनतोस ना? मंग दुसरा ऱ्हाऊ दे." सात-आठ वर्षं ते अडून बसले. डाव्या डोळ्यानं जवळजवळ काही दिसेनासं झालं. तोवर वाडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार मजले चढले होते. शेवटी आईनं अबोला धरला, तेव्हा तयार झाले.

या वेळी डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात लेन्स बसवली आणि काही महिन्यांनी उजव्यातही. शेवटची पट्टी काढताना डॉक्टर सहज बोलले, "काका, आता रंग थोडे निराळे वाटतील हं. आपलं भिंग अतिनील अडवतं, ही लेन्सही अडवते. तुमच्या उजव्या डोळ्यात इतकी वर्षं भिंगच नव्हतं, त्यामुळे ते आत जात होतं. अशा काही लोकांना तो प्रकाश निळसर पांढरा दिसतो. तुम्हाला दिसायचा का?"

मी खाली बघत होतो. मला लाज वाटली, आणि बाबा आता काय सांगतील याची धास्तीही वाटली.

"आटवत नाय," बाबा म्हणाले.

येताना मी त्यांना मुद्दाम त्या मिठाईच्या दुकानात नेलं. दिवा तसाच होता, फक्त नळ्यांवर माश्यांचा थर वाढला होता. मी विचारलं, "आता कसा दिसतो?"

"जांबला."

"बाबा, तेव्हा तुमचंच बरोबर होतं."

"माला म्हायती हाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी सोनचाफ्याची टोपली आईपुढून उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली. ते निवडायला लागले. बोटं जरा अडखळत होती. मी समोर बसलो आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, त्या डोळ्यानं हा चाफा कसा दिसायचा?

त्यांनी एक फूल उजेडात धरलं, उलटसुलट करून बराच वेळ बघितलं आणि टोपलीत ठेवलं.

"तवा सांगत व्हतो ना," ते म्हणाले. "आता मालाबी दिसत नाय."