काकूंनी हात खाली आणला

मंडळी, आत्ताच तेरहून घरी आले. चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहितेय.

आमच्या चर्चमध्ये पेटी नाही. गीत सुरू करणाऱ्यानं सूर अंदाजानंच धरायचा. दोन वर्षांपूर्वी नाताळला मी तो इतका वर धरला की दुसऱ्या कडव्यालाच सगळ्यांचे आवाज फाटले. लोक हसले. तेव्हापासून मी नुसते ओठ हलवते.

आज दुपारी तेरला रूथकाकूंच्या घरी प्रार्थना होती. चर्चमधली गीतं वर्षानुवर्षं बहुतेक त्याच सुरू करायच्या. आता लकव्यानं त्यांची वाचा गेलीय. पाळकसाहेब म्हणाले, "काकूंसाठी कुणीतरी एक गीत घ्या." सगळे खाली बघत बसले. काकू मात्र माझ्याकडंच बघत होत्या.

मनात म्हटलं, "प्रभू, आवाज तूच दिलास, आता तूच सांभाळ." सुरू केलं, आणि पहिल्याच ओळीला पुन्हा वर गेले!

काकूंनी आपला चांगला हात उचलला आणि तळवा हळूहळू खाली आणला.

मी थांबले. "पुन्हा घेते, काकू," म्हणाले आणि खालून धरलं. या वेळी शेवटचं कडवंसुद्धा सगळ्यांनी मोकळ्या गळ्यानं म्हटलं. काकूंची बोटं खाटेवर ठेका धरत होती.

निघताना त्यांची सून, ती काकूंना आत्याच म्हणते, मला म्हणाली, "ताई, रविवारी बी तुमीच घ्या. आत्या फोनवर ऐकतील."

मी लगेच हो म्हणाले. दोन वर्षं मी प्रभूकडं धीर मागत होते. त्यानं तो काकूंच्या हाती पाठवला.

एकदा लोक हसले म्हणून तुम्ही काय सोडून दिलंय?