धर्मराजकाकांची बोटं

मंठ्याच्या वाचनालयात तेव्हा दोन कपाटं पुस्तकं होती आणि ती सांभाळायला धर्मराजकाका. परत आलेल्या पुस्तकावरून हात फिरवला की काका हजेरी घ्यायचे.

"दुर्गाबाई, व्रतकथेला फोडणी कशापायी दिली? अन् गिरधारीलालजी, तुमचा जासूस तर तेलात तळून निघाला!"

लोक ओशाळत, हसत, आणि पुढच्या खेपेला तसंच पुस्तक आणून देत.

काकांची नजर गेल्याचं त्यामुळं कोणाला कळलंच नाही. तेलकट पुठ्ठा म्हणजे रहस्यकथा, खरखरीत हळद म्हणजे व्रतकथा, उंदरानं कुरतडलेला कोपरा म्हणजे गुरांचे आजार. मागाल ते पुस्तक काका बोटांनी काढून देत.

वाचनालयाला दहा वर्षं झाली, तेव्हा अध्यक्ष रामरावांनी हौसेनं सगळी पुस्तकं जालन्याहून नव्या कापडी पुठ्ठ्यात बांधून आणली. सगळी एकसारखी. काकांनी कपाटावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग आम्हाला कळलं.

त्या दिवशी गिरधारीलालजींच्या हाती जासूसाऐवजी व्रतकथा आली. "बिलकुल बराबर, काका," म्हणाले, आणि बाहेर येऊन कपाळाला हात लावला, "अब एकादशी करनी पडेगी!" तेव्हापासून न बोलता ठरूनच गेलं: मिळेल ते पुस्तक न्यायचं. दुर्गाबाईंनी गुरांचे आजार नेले. काकांनी विचारलं तर म्हणाल्या, "लई गोड कथा हाय. अजून वाचून राह्यले." काका खुलले.

त्याच आठवड्यात पुंजारामचा बैल तोंडाला फेस आणून बसला. त्यानं गुरांचं पुस्तक मागितलं. काकांनी दिलं. पायरीवर उघडून पाहिलं तर आत अभंग. पुंजारामनं वळून काकांकडं पाहिलं आणि पुस्तक काखेत मारून तसाच घरी गेला.

चार दिवसांनी परत करायला आला.

"बैल कसा हाय रे?"

"गेला, काका."

"पुस्तकात औषध न्हवतं?"

पुंजाराम पुस्तकाचा पुठ्ठा पुसत राहिला. दुर्गाबाई पुस्तक बदलायला आल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "ते पुस्तक माझ्याकडं व्हतं, काका."

काकांनी कमरेची कपाटांची किल्ली सोडून तिथंच बसलेल्या रामरावांपुढं ठेवली.

"अहो काका, एकाची तरी तक्रार हाय का?"

"न्हाई ना," काका म्हणाले. "तेच तर."

दारात वहाणांचा ढीग होता. काका वाकून आपल्या वहाणा चाचपत राहिले. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. त्या उचलून द्यायची हिंमत मात्र एकालाही झाली नाही.