बांबू कुठल्या पाखातला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगणार होतो. उद्या, परवा, पोळा झाला की – असं करता करता तीच गेली. आता घरात मी एकटाच असतो, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिचं सूप टांगलेलं असतं. बांबूचं, बारा वर्षं वापरलेलं. त्याला कीड म्हणून कुठे लागलेली नाही. रोज सकाळी चहा ठेवताना ते समोर येतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

सिंदेवाहीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं. नुसतं झेरॉक्स नाही – अर्ज, दाखले, निविदा, सगळंच. सरकारी कागद पाहिला की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्यावर माझं घर चालायचं. जंगलाकडच्या गावांतले महिला बचत गट माझ्याकडे यायचे. त्यांतल्या एका गटाची अध्यक्ष मैनाबाई. सुपं, टोपल्या विणायची. बाजारात तिच्या हातची वस्तू कुणी उलटून पाहत नसे, सरळ उचलून नेत. भिंतीवरचं सूपही तिनेच दिलेलं, गटाचं बँकेतलं खातं मी उघडून दिलं म्हणून.

एका वर्षी एका सरकारी खात्याने रस्त्याकडेच्या रोपांसाठी बांबूचे पिंजरे घ्यायचं ठरवलं. अट अशी होती की माल फक्त स्थानिक महिला गटांकडून घ्यायचा, आणि तो त्यांनी स्वतः केलेला हवा. नियम चांगला होता. मी तो तीनदा वाचला – चांगला होता म्हणून नाही, फट कुठे आहे ते बघायला. निविदा मी भरली, काम मैनाबाईच्या गटाला मिळालं. मुदत तीन आठवड्यांची होती.

मैनाबाई म्हणाली, थांबावं लागेल. अमावस्या नुकतीच होऊन गेली होती, आणि चांदण्याच्या पंधरवड्यात त्यांच्याकडे कुणी बांबू तोडत नाही. त्या दिवसांतल्या बांबूला कीड लागते, आतून पीठ होतं. अंधारा पाख, म्हणजे पौर्णिमेनंतरचा पंधरवडा, लागला की तोडू, मग विणू, असं तिचं म्हणणं. मी हसलो. सरकारला कॅलेंडर असतं बाई, चंद्र नसतो, असं काहीतरी बोललो – आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झालो.

नदीपलीकडच्या एका व्यापाऱ्याकडे तयार पिंजरे पडून होते. ट्रक मागवला. गटाच्या बायकांना त्या मालासमोर बसवलं, हातात कोयते दिले आणि फोटो काढला. बाकीच्या लाजून हसत होत्या. मैनाबाई तेवढी कॅमेऱ्याकडे न बघता पिंजऱ्याची एक काडी चाचपत होती. तरी तिने सही केली. भाऊ सांगतो म्हणजे बरोबरच असेल, एवढाच तिचा हिशेब. नफा अर्थातच भाऊने घेतला.

इथवरचं सांगणं अवघड नाही. असलं कितीतरी जण करतात आणि चहाच्या टपरीवर फुशारकीने सांगतातही. मी टाळतोय ते पुढचं.

पावसाळा सरायच्या आत पिंजरे पोखरले. उभे होते ते हात लावला की बसायचे. गुरांनी रोपं खाल्ली, तक्रारी झाल्या, चौकशी लागली. कार्यालयात मैनाबाईला बोलावलं, आणि गटाचे कागद बघणारा म्हणून मलाही. साहेबांनी आधी नियम वाचून दाखवला. गटाने निकृष्ट माल दिला असेल तर गट काळ्या यादीत. पण गटाच्या नावावर दुसऱ्याच कुणी माल घातला असेल, तर त्या माणसावर फसवणुकीचा गुन्हा. हे कलम मला पाठ होतं. कितीजणांना मीच समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी ते ऐकताना मात्र शर्ट पाठीला चिकटला.

टेबलावर पिंजऱ्याची एक काडी ठेवली होती. मैनाबाईने ती उचलली, नखाने दाबली. पिवळट पूड कागदांवर पडली.

"हा बांबू आमचा नाई, साहेब," ती म्हणाली. "आमी चांदन्यात बांबूले हात लावत नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ होता माझ्याकडे? एका श्वासाचा. त्या श्वासात मला कोण आठवलं असेल? बायको? लेकरं? नाही हो. मला फक्त मी दिसलो, पोलिसांबरोबर, सिंदेवाहीच्या बसस्टँडवरून चालताना.

"बाई घाबरल्या आहेत, साहेब," मी म्हणालो. "माल त्यांनीच केलाय. मी समोर होतो."

फाइलमध्ये फोटोही होता. मीच काढलेला.

मैनाबाईने काडी होती तिथे ठेवली. गट काळ्या यादीत गेला. किडका बांबू वापरला, असं कारण लिहून आदेश निघाला आणि पंचायतीच्या फळ्यावर लागला. त्या दिवशी कार्यालयाबाहेर ती एवढंच म्हणाली, "यादीचं मले काई नाई वाटत, भाऊ. पन तो बांबू आमचा मनून लिहून घेतला त्याईनं."

मी चप्पल घालत राहिलो. चप्पल घालायला असा किती वेळ लागतो?

मला काहीच झालं नाही. उलट लोक गटांना मार्गदर्शन करायला मला बोलवायला लागले. मी जायचो, बोलायचो, टाळ्या घ्यायचो. आता जात नाही. टपरीवरही बसत नाही. कुणी फसवणुकीची गोष्ट रंगवून सांगायला लागलं की मला उठावं लागतं, आणि आमच्याकडे दुसऱ्या गोष्टी फारशा निघत नाहीत.

गेल्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. तिथे एका झाडाखाली मैनाबाई सुपं मांडून बसलेली. केस पार पांढरे झालेले. एका गिऱ्हाईक बाईने सूप उचललं, उलटं केलं, टिचकी मारली आणि विचारलं, "अंधाऱ्या पाखातलाच हाय ना बांबू?"

"हो बाई, अंधाऱ्यातलाच," मैनाबाई म्हणाली. बाईने तिच्याकडे एकदा पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि पुढच्या दुकानाकडे गेली. मैनाबाईने ते सूप उचलून पदराने पुसलं. त्याला काही लागलेलं नव्हतं.

मी दहा पावलांवर होतो, रसाच्या गाड्याच्या आड. त्या बाईला हाक मारून दोन वाक्यं सांगायची होती. मी मागच्या वाटेने जाऊन बस धरली.

ती दोन वाक्यं अशी होती. तो किडका बांबू मी आणला. आणि कुठल्या पाखातला, हे मी व्यापाऱ्याला विचारलंसुद्धा नव्हतं.