पपनसाची बंदी

माझ्या बायकोच्या माहेरी पपनसाचं झाड आहे. गणपतीच्या आधी तिचा भाऊ गोणभर पपनसं एसटीत घालून पाठवायचा. एक-दोन गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटवीला बांधायची, बाकी डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत वाटायची.

तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. परळच्या डॉक्टरने गाठीचा तुकडा तपासून सांगितलं, "आजोबा, टार्गेट सापडलंय."

मी चौथी शिकलेला, पण समजल्याशिवाय मान हलवत नाही. म्हटलं, "टार्गेट आम्हाला मिलमध्ये असायचं. पुरं झालं नाही की साहेब शिव्या घालायचा."

तो हसला. गाठीच्या पेशींत एक खूण असते, ही गोळी नेमकी तिलाच धरते, असं त्यानं समजावलं. खरंच गुण आला. हिचा खोकला बसला, ही पुन्हा भाकऱ्या थापायला लागली.

गणपती झाले आणि हिचे डोळे पिवळे पडले. उलट्या थांबेनात. डॉक्टरने गोळी बंद करून रक्त घेतलं. चिठ्ठी वाचून मुलगा म्हणाला, "विषाच्या तपासणीला पाठवलंय."

आमच्याकडे हा शब्द कोणी सहज तोंडातून काढत नाही. त्याच्यावरून भावाभावांची तोंडं बंद झालेली मी बघितलीत. घरात स्वयंपाक सूनबाईचा. तिनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती सासूचं ताट वाढेना. मी हिला घेऊन सरळ लॅबमध्ये गेलो. तिथल्या मॅडमना म्हटलं, "माझ्या घरात कोणी कोणाला वीख घालत नाय. ते लिहिलंय ते खोडा."

मॅडमनी आधी आम्हाला बसवलं. "आजोबा, विष म्हणजे ती गोळीच. आजींच्या रक्तात नको तेवढी साचलीय. का, ते शोधतोय. आजी, हल्ली नवीन काय खाता?"

"तोंडाला चवच नाय," ही म्हणाली. "पपनस तेवढं बरं लागतं. दिवसाला एक खातंय."

मॅडमनी लिहिता लिहिता वर पाहिलं. गोळी पचवून बाहेर टाकायचं काम शरीर करतं, ते काम पपनस अडवतं, असं त्यांनी सांगितलं.

"देवाला चालतं आणि गोळीला चालत नाय?" मी भांडलो.

"नाही चालत."

घरी येऊन मी सूनबाईला सगळं सांगितलं. ती मोरीत जाऊन रडली. ही मला म्हणाली, "माझ्या भावाक सांगू नका हां, मनाक लावून घेईल."

रक्त सुधारल्यावर गोळी परत सुरू झाली. पुढल्या गणपतीत ही माटवीखाली बसून नुसता वास घ्यायची.

शिमग्याच्या सुमाराला खोकला परत आला. पुन्हा सुई, पुन्हा तुकडा. डॉक्टर म्हणाला, टार्गेट बदललंय, आता ही गोळी त्याला धरत नाही. दुसरं कडक औषध आहे, पण आजींना झेपणार नाही. मी त्याच्याशी वाद घालत बसलो. लॅबच्या मॅडम खाली आल्या होत्या. हिनं त्यांनाच विचारलं, "मग आता पपनस चालेल?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. "चालेल, आजी. काहीही खा."

मला तेवढ्यानंही बरं वाटलं. बाहेर येऊन मी मेव्हण्याला फोन लावायला लागलो. झाडाला फळ नसेल, पण कुठून तरी आणेल.

हिनं माझा हात धरला. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "माका खाऊचा नव्हता. मॅडम काय सांगतत, ता बघूचा होता."