पुराच्या फोटोतली बाई

पडद्यावर माझी आई होती. छातीपर्यंत पाणी, डोक्यावर अंथरुणाचं गाठोडं, तोंड उघडं. कुणाला तरी हाक मारत असणार. फोटोत आवाज येत न्हाय.

कोल्हापुरात, कसबा बावड्याकडच्या एका हॉलमध्ये बातमीदारांची कार्यशाळा होती. डेटा, नकाशे, सॅटेलाइटचे फोटो वापरून शोधबातमी कशी करायची ते शिकवायचं. शिकवणारे सर पुण्याचे. मी शिरोळ तालुक्याची वार्ताहर. म्हणजे बातम्या पाठवायच्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या, आणि बातमीवर नाव न्हाय. माझ्याकडं लॅपटॉप न्हाय. मोबाइलवाल्यांनी मागं बसायचं, असं दारातच सांगितलं. मी मागच्या भिंतीला बसलते.

सर म्हणाले, "हा पुराचा फोटो. नेटवर फिरतोय. कुठला आहे ते फोटोवरूनच ओळखायचं. काय काय दिसतंय सांगा."

कुणी विजेचा खांब सांगितला. कुणी दुकानाची अर्धी पाटी. मग पुढच्या रांगेतला एक जण, शहरातला नावाजलेला बातमीदार, म्हणाला, "गाव ऱ्हाऊ दे सर, गावाची बाजू आधी कळली. मागं निळा झेंडा हाय की. म्हणजे नदीकडची बाजू. ह्यांच्या वस्त्या तिथंच असत्यात."

लोक हसले. लई मोठ्यानं न्हाय. जेवढं हसलं तर कुणाला लागत न्हाय असं त्यांना वाटतं, तेवढंच.

"गुड," सर म्हणाले. "असंच बघायचं." त्यांनी झेंड्याभोवती लाल गोल काढला. गोलात झेंडा आला आणि आईचं अर्धं डोकंबी आलं.

मला राग आला न्हाय. खरं सांगते. राग न्हाय, रडू न्हाय, काय न्हाय. दाढ काढायच्या आधी सुई मारल्यावर गाल आपला ऱ्हात न्हाय, तसं सगळं अंग झालतं. आईचा पदर सुटलेला होता आणि हॉलभर माणसं तो बघत होती. मीबी बघत होते.

तो बोलला ते खोटं न्हवतं. आमची वस्ती नदीकडंच हाय. पण तिथं आम्ही हौसेनं जाऊन बसलो न्हाय. उंचावरची जागा गावानं स्वतःला ठेवली, खाली उरली ती आमच्या वाट्याला आली. झेंडा तिथंच का, हे त्या हॉलमध्ये कुणी विचारलं न्हाय. आणि शिकायला आलते सगळे शोधबातमी.

आमच्या पेपरचे साहेब पुढं बसलते. ते मागं वळले. "ए, तुझ्याच भागातलं दिसतंय. सांग की, बरोबर हाय का?"

मी उठले. "बरोबर हाय," म्हटलं. "मागं दिसतंय ते आमचं घर. आणि ती माझी आई."

सरांनी पटकन पुढची स्लाइड लावली. सॉरी म्हणाले, पण स्लाइडकडं बघत. मी खाली बसले.

चहाला साहेब जवळ आले. मला वाटलं, कायतरी बरं बोलतील. म्हणाले, "अगं, आधी सांगायचं न्हाय व्हय? आईला बोलतं कर, व्हिडिओ पाठव. लिहायला मी हितला माणूस देतो. रडली तर बरंच की."

"पाठवते साहेब," हे माझ्या तोंडात बसलेलं हाय. किती वर्षं झाली, तेच म्हणते. त्या दिवशी तेबी आलं न्हाय. कप खाली ठेवला आणि भिंतीला जाऊन बसले.

चहानंतर सरांनी जुने सॅटेलाइट फोटो कसे बघायचे ते दाखवलं. एकाच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो. पट्टी मागं सरकवली की जुनं दिसतं. सगळ्यांनी रंकाळा उघडला. मी आमची वस्ती उघडली, दोन बोटांनी मोठी करत.

वस्तीतलं पाणी ज्या ओढ्यानं नदीला उतरायचं, तो ओढा जुन्या फोटोत होता. हिरवट रेघ. पुढच्या फोटोत अर्धी. त्याच्या पुढं रेघच न्हाय. तिथं मातीचा भराव, आणि भरावावर मंगल कार्यालयाचं पांढरं छत. त्याचा मालक आमच्या भागातला पुढारी. वस्तीतलं पोर न् पोर सांगतं, कार्यालय झाल्यापास्नं पुराचं पाणी दारातनं हलत न्हाय. पण पंचनामा करणारा येतो, नदीचं पाणी म्हणून लिहितो आणि जातो.

मी पट्टी परत मागं नेली, परत पुढं आणली. सकाळपास्नं पहिल्यांदा अंगाला कायतरी कळलं.

मी साहेबांना दाखवलं, कार्यालय कुणाचं तेबी सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि फोन परत दिला. "हे ऱ्हाऊ दे. त्यांच्या वाढदिवसाची पुरवणी हाय आपली. तू आईचं तेवढं पाठव."

"न्हाय पाठवणार," म्हटलं. "आईचं रडणं बातमी न्हाय. भराव बातमी हाय."

"मग पेपरचं कार्ड ठेव आणि जा."

गळ्यातलं कार्ड काढून मी टेबलावर ठेवलं. पण गेले न्हाय. वर्ग काय साहेबांचा न्हवता. संध्याकाळपर्यंत भिंतीला बसून सगळं शिकून घेतलं. फोटोची तारीख कशी टिपायची, जमिनीच्या गट नंबराचा नकाशा त्याच्यावर कसा जुळवायचा, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं.

बाहेर येऊन मी मंगल कार्यालयाच्या मालकाला फोन लावला. म्हटलं, "ओढ्यावर भराव कुणाच्या परवानगीनं घातला, त्यावर तुमचं म्हणणं लिहून घ्यायचं हाय."

"कुठल्या पेपरातनं बोलताय?"

"पेपर अजून ठरला न्हाय. बातमी ठरली हाय."

"नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं, आडनावासकट. आडनाव कळलं तसं 'तुमचं'चं 'तुझं' झालं. "खालच्या वस्तीतली व्हय तू? हे धंदे कुणी शिकवले तुला?"

"सोमवारी येते," म्हटलं. "परवानगीचा कागद काढून ठेवा. न्हाय दाखवला तर न्हाय दाखवला, असं लिहीन. आणि बातमीवर हेच आडनाव असंल."