आमची ताई एवढी भली नाही

ही माझी सख्खी धाकटी बहीण. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कौतुक जास्त झालं तर कुणी कुरकुर करायची नाही. माझं शिक्षण आठवीपर्यंत. त्यात नुकसान झालं ते शाळेचंच. घराण्यातली सगळी हुशारी खरं तर माझ्याकडे यायची होती, मी मोठ्या मनाने धाकटीला देऊन टाकली.

खाली माझं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज, वरच्या खोलीत ती कॉम्प्युटरसमोर. एका कंपनीमार्फत गावोगावची पोरं तिला अडलेल्या प्रश्नांचे फोटो पाठवतात. त्रिकोण, लढाया, बर्फ पाण्यावर का तरंगतो, कवितेतली नदी का रुसली, काहीही. फोटोत निम्मं पान आणि निम्मा अंगठा. खाली नुसतं 'लवकर.' जणू ही यांच्या घरी पाणी भरते!

पण ही कसली खमकी. उत्तर देतच नाही. आधी विचारते, "कुठे अडलं?"

"सगळंच अडलंय ताई."

"सगळं कधीच अडत नसतं. पहिली ओळ वाच बघू."

असं टोचत टोचत नेते आणि शेवटी पोरगंच ओरडतं, "अगं ताई, आलं!" ही पद्धत कुणाकडून उचलली, हे सांगायला नकोच. स्कूटर आली की मीही आधी विचारतो, आवाज कुठून येतो? खोलायचं नंतर.

तिच्या साहेबाला मात्र हे खपेना. त्याला मी 'घड्याळ' म्हणतो. तोंडातून वेळेशिवाय दुसरं काही निघत नाही बिचाऱ्याच्या. परवा त्याचा फोन आला.

"मॅडम, पोरांना उत्तर हवंय, तुमच्या गप्पा नकोत. पुन्हा उलटा प्रश्न दिसला तर दुसरीकडे काम बघा."

दुसरीकडे म्हणजे परत ते कापडदुकान. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकाने विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. त्या संध्याकाळी चहा घेऊन वर गेलो तर बाईसाहेब पटापट उत्तरं फेकतायत.

"काय गं, बरी आहेस ना?"

"आज मी शहाणी झालेय, दादा. कुणाला काही विचारत नाही." असं म्हणाली आणि चहाला हातही लावला नाही.

चहावर साय धरायच्या आत स्क्रीनवर लाल पट्टी आली. खातं बंद, चौकशी चालू. म्हटलं, एवढं ऐकूनही हाकललंच का? तर तसं नव्हतं. तक्रार पोरांनी केली होती, तीही थोड्याथोडक्यांनी नाही. ताईच्या जागी दुसरंच कुणीतरी बसलंय म्हणे. एका पोरीने तर लिहिलं होतं, 'ही ताई नाहीच. आमची ताई एवढी भली नाही.'

मी हसून हसून जिन्यावर बसलो. धाकटी रडत होती, की हसत होती, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ स्वतः दारात हजर. स्कूटर खोकत होती, साहेब घामाघूम.

"कार्ड दाखवा. नाही, कार्ड काय कुणीही दाखवेल! तुम्हीच त्या मॅडम, हे मी वर पटवून कसं देऊ? पोरं सोडून चाललीत. पटकन सांगा, रिपोर्टात काय लिहू?"

धाकटीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "सर, तुमचं नक्की कुठे अडलंय?"

घड्याळ बंदच पडलं. मग खिशातून फोन काढला, तिथेच उभ्या उभ्या वर कळवलं, "त्याच आहेत," आणि खातं चालू करून दिलं. धाकटी पायऱ्या चढत वर गेली. उलटं विचारायचं की नाही, यावर साहेब पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत.

निघताना त्यांची स्कूटर काही चालू होईना.

"जरा पटकन बघता का? मला उशीर होतोय."

मी हात पुसले, स्टूल ओढलं, निवांत बसलो.

"बघू की. आधी सांगा साहेब, आवाज कुठून येतो?"