भिजवलेलं सिमेंट

माझ्या पाठवणीला औरंगाबाद स्टेशनात गाडी हलली तेव्हा बा खिडकीशी आला. नव्या जावयाच्या तळहातावर बोटभर चुना ठेवून एवढंच म्हणाला, "आमचा माल बगा, पावनं. धरला की सुटत नाय." नवरा गुलबर्ग्याकडं सिमेंटच्या कारखान्यात, आणि बाप चुन्याची भट्टी लावणारा! मला हसूही आलं आणि रडूही. विठ्ठल, तू तेव्हा मायच्या कडेवर होतास. तुला यातलं काही आठवायचं नाही, म्हणून लिहिते.

आपल्या आज्यानं राणीच्या काळात भट्टी लावली. छावणीतले गोऱ्या साहेबांचे बंगले आपल्याच चुन्यावर उभे राहिले. भाजलेला चुना हौदात महिनोन्महिने भिजायचा, मग बैलांच्या घाण्यात मळला जायचा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि सरकारी कामांवर सिमेंट आलं. बाच्या दारात चुन्याला गाडी थांबेना. शेवटी एका ठेकेदारानं शाळेच्या जोत्याचं काम दिलं, तेही सिमेंटात. बानं मान खाली घालून पोती उतरवून घेतली. हे काम गेलं तर भट्टी बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी दिवाळीला आले तर बा हौदाच्या काठावर बसलेला. सगळी पोती त्यानं हौदात रिकामी करून भिजत घातली होती, वरून रोज सकाळी घागरभर पाणी. जन्मभर चुन्याला हीच रीत, त्याला दुसरी माहीतच नव्हती. "लई घट झालंय गं," म्हणाला, "म्हणून पाणी चालूच ठिवलंय." मी पहार मारून पाहिली, ती टणकन उडाली. "बा, हे आता निघायचं नाय." माय भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

गल्लीभर हसं झालं. काम गेलं, बैल गेले, भट्टी विझली. पुढं बा दुसऱ्यांच्या बांधकामावर सिमेंटचीच घमेली वाहत राहिला. त्या ठेकेदाराचा मला अजून राग येतो. एक शब्द सांगायला त्याचं काय जात होतं?

इकडं माझा जन्म कंपनीच्या कॉलनीत गेला. भोंग्यावर उठायचं, शेजारणीशी मोडकंतोडकं कानडी बोलायचं, वाळलेली लुगडी सिमेंटची धूळ झटकून आत आणायची. क्वार्टर पक्कं होतं, पण हे रिटायर झाल्यावर किल्ली परत दिली. घर म्हटलं की डोळ्यांपुढं तो हौदच यायचा.

आता तू कळवलंस की जागा विकायची आहे, पण हौदातला तो दगड मजुरांना फुटत नाही. ते तुझ्या दाजींनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सिमेंट एकदा धरलं की जितकं पाणी पाजावं तितकं पक्कं होतं. मामांनी रोज घागर ओतली ना!"

फोडायचा तर फोड, विठ्ठल, मी अडवत नाही. माझं माहेर आता तेवढंच उरलंय, तरीही नाही. पण आधी त्यावर एक घागर पाणी ओत. बानं आयुष्यात एकदाच सिमेंट कालवलं, आणि त्याचा माल धरला. हे त्याला सांगायला मात्र आपल्याला उशीर झाला.